लिनक्ससाठी हलका लॅपटॉप घेताना

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे सर्व्हर आणि क्लाउडच्या कामात जायचं आहे, म्हणून आत्तापासून लिनक्स वापरायचं ठरवलंय. लॅपटॉप रोज सोबत न्यावा लागेल, त्यामुळे लहान आणि हलका हवा. पण सगळे म्हणतात, घ्यायचा तर ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच घे. हलका घेतला तर पुढे अडेल का? आणि त्यावर लिनक्स नीट चालेल हे आधी कसं ओळखायचं? – एक विद्यार्थिनी

उत्तर : अडणार नाही. तुला ज्या कामात जायचंय, तिथे जड गणित दूरच्या सर्व्हरवर होतं. तुझ्या मांडीवरच्या यंत्रात टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), एडिटर, ब्राउझर आणि सरावासाठी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) एवढंच चालतं. वेगळं एनव्हिडिया कार्ड घेतलंस तर वजन वाढेल, बॅटरी लवकर उतरेल आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर ड्रायव्हर बिघडण्याची एक जादा डोकेदुखी मागे लागेल. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरेसं आहे आणि त्याचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात. तेव्हा १३ ते १४ इंची, सव्वा किलोच्या आसपासचा आणि टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप बघ. वजन धरताना चार्जरही धर. ६५ वॅटचा छोटा चार्जर आणि गेमिंग लॅपटॉपचा विटेएवढा ठोकळा यांत बराच फरक पडतो.

हात आखडता घेऊ नये अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रॅम. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा मदरबोर्डवरच डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हिशोब बघ : प्रत्येकी २ जीबीची तीन व्हर्च्युअल मशीन म्हणजे ६ जीबी, डेस्कटॉप आणि ब्राउझर मिळून आणखी ४-५. ८ जीबीत हे मावत नाही, रॅममधलं डिस्कवर हलवणं, म्हणजे स्वॅप, सुरू होतं आणि सगळं रांगायला लागतं. १६ जीबीच घे. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल. डिस्क मात्र एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) हवी, शक्यतो ५१२ जीबीची. स्वस्त यंत्रांतली ईएमएमसी (साठवणीची साधी चिप) टाळ, ती संथ असते आणि बोर्डावर पक्की बसवलेली असल्यामुळे बदलताही येत नाही. एनव्हीएमई कार्डाची लांबीही विचारून ठेव. काही छोट्या लॅपटॉपमध्ये नेहमीचं ८० मिलिमीटरचं कार्ड बसत नाही, ४२ किंवा ३० मिलिमीटरचं लागतं.

आता लिनक्सचं. मॉडेलच्या नावापेक्षा आतल्या चिपा महत्त्वाच्या. वाय-फाय इंटेलचं असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. ब्रॉडकॉम असेल तर बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला नेट नसतं, अशी कोंडी होते. रिअलटेक आणि मीडियाटेकच्या नव्या चिपा चालतात, पण कर्नल तितकाच नवा हवा. म्हणूनच नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची स्थिर, म्हणजे जुना कर्नल धरून राहणारी आवृत्ती ही जोडी सहसा जमत नाही. तिथे फेडोरा किंवा सर्वांत ताजं उबंटू हे प्रकार लाव, नाहीतर वर्षभर जुनं मॉडेल घे. मी दुसरा मार्ग सुचवेन. स्नॅपड्रॅगन म्हणजे एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरीमुळे मोह घालतात, पण लिनक्स शिकायला सुरुवात करणाऱ्याने सध्या त्यांच्या वाटेला जाऊ नये. बोटांच्या ठशांचा सेन्सर बरेचदा चालत नाही, त्यावर अडून बसू नकोस. काही नव्या इंटेल लॅपटॉपमधला कॅमेरा मात्र तपासच, तो वेगळ्या पद्धतीने जोडलेला असतो आणि लिनक्सला बऱ्याचदा दिसतच नाही. ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

खरेदीपूर्वी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लाइव्ह उबंटू किंवा फेडोरा घेऊन जा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू कर. विक्रेता नाही म्हणाला तर निदान परतीची मुदत लेखी घे. वाय-फाय जोड, आवाज आणि माइक तपास, ब्राइटनेसच्या कळा दाबून बघ, टाइप-सीमधून बाहेरचा मॉनिटर लाव. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा चालवलीस की वाय-फायची चिप नावानिशी दिसते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते लॅपटॉपच्या झोपेच्या, म्हणजे स्लीपच्या बाबतीत. झाकण लावून दहा मिनिटांनी उघड; पडदा लगेच जागा झाला पाहिजे. घरी आणल्यावर रात्रभर झाकण लावून ठेव. सकाळी दोन-चार टक्के बॅटरी कमी झाली तर ठीक, पण वीस-तीस टक्के गेली तर यंत्र खोल झोपेत जातच नाही आणि बॅगेत गरम होत राहील. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘स्लीप स्टेट’ असा पर्याय असतो, तिथे ‘लिनक्स’ निवडलं की हे सुटतं. बॅटरी अशी उतरत असेल आणि तो पर्यायही नसेल, तर यंत्र मुदतीतच परत कर.

वापरलेला व्यावसायिक श्रेणीतला लॅपटॉप, म्हणजे थिंकपॅड एक्स मालिका किंवा डेल लॅटिट्यूड, विद्यार्थ्याला फार चांगला पडतो. त्याचे सुटे भाग मिळतात, आणि बहुतेकांचं फर्मवेअर (यंत्राच्या भागांतलं मूळ सॉफ्टवेअर) लिनक्समधूनच अपडेट होतं. बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता लिनक्समधली ‘यूपॉवर’ (upower) ही आज्ञा सांगते. आताची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च आधीच धर. बायोसला पासवर्ड लावलेलं यंत्र घेऊ नकोस.

काही परीक्षांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून सुरुवातीला विंडोज पूर्ण पुसू नकोस. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घे, विंडोजमधूनच पार्टिशन लहान कर आणि मग लिनक्स टाक. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या ‘आरएसटी’ पद्धतीवर असेल, ते साध्या ‘एएचसीआय’ पद्धतीवर करावं लागतं. पण विंडोजला त्याची पूर्वतयारी न करून देता बदललंस, तर विंडोज सुरू होणार नाही : बदल करण्याआधी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडेल असं ठरव, मग बायोस बदल, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ दे आणि नंतर सेफ मोडचं ते सेटिंग काढून टाक.

व्हर्च्युअल मशीनसाठी त्याच बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू करून घे. ते बंद असेल तर केव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्समधली सोय, चालत नाही. मग ग्राफिकल डेस्कटॉप नसलेली तीन मशीन उभी कर, एकावर वेब सर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस, तिसऱ्यावर बॅकअप, आणि सगळीकडे एसएसएचनेच (दूरच्या मशीनमध्ये टर्मिनलमधून सुरक्षितपणे शिरायच्या मार्गाने) शिर. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रमाणपत्र परीक्षा द्यायचं मनात असेल तर हाच सराव कामी येतो, कारण तिथे पर्यायांवर खुणा करायच्या नसतात, चालू मशीनवर कामं करून दाखवायची असतात.