पहिलं अँड्रॉइड ॲप बनवतोय. एम्युलेटरवर (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनवर) भागेल का, की टेस्टिंगसाठी एखादा भारी फोन घेऊन ठेवू?

फोन घ्याच, पण भारी नको. दोन-तीन जीबी रॅमचा, कुणीतरी चार वर्षं वापरून विकलेला घ्या. उरलेल्या पैशांत लॅपटॉपची रॅम वाढवा, त्याचा रोज उपयोग होईल.

मला फोनचं वेड आहे. नवीन काही आलं की हातात घेऊन बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पोट भरतं ते ॲप बनवण्यावर. तरी माझ्या टेबलावर कायम केबलला लावलेला असतो तो तीन जीबीचा जुना फोनच. त्याने मला जेवढं शिकवलंय तेवढं कुठल्याच महागड्या फोनने शिकवलं नाही.

एम्युलेटर चालतो तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर आणि वाचतो तुमच्या एसएसडीवरून. स्वस्त फोनात असतं ईएमएमसी नावाचं स्वस्तातलं स्टोरेज, ते बरंच हळू. त्यातून वापरणाऱ्याने ते फोटो आणि व्हिडिओंनी काठोकाठ भरलेलं असतं. त्यामुळे लॅपटॉपवर झटकन उघडणारी यादी तिथे अडखळत येते. डेटाबेसचं काम मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन हलता ठेवणाऱ्या धाग्यावरच, ठेवलं असेल तर अशा फोनवर ते लगेच उघडं पडतं.

पण खरी गोष्ट रॅमची. एक उदाहरण देतो. कोल्हापूरकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी नोंदींचं ॲप केलं होतं. पहाटे रांग लागलेली असते. सभासद क्रमांक टाकायचा, लिटर टाकायचे, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकायचं, सेव्ह करायचं. आता समजा लिटर आणि फॅट टाकून झालंय आणि नवं दरपत्रक बघायला केंद्रचालकाने व्हॉट्सॲप उघडलं, नाहीतर कशाचा तरी फोटो काढायला कॅमेरा उघडला. कमी रॅमच्या फोनवर कॅमेऱ्याला जागा करून द्यायला अँड्रॉइड मागची ॲप्स बंद करतं, त्यात आपलंही जातं. परत आल्यावर स्क्रीन तोच दिसतो, पण रकाने कोरे. समोर माणूस रिकामी किटली घेऊन उभा, आणि दूध तर मोठ्या कॅनमध्ये ओतून झालेलं. वजन परत कशाचं करणार?

हे मला केंद्रावर जायच्या आधी टेबलावरच कळलं, ते त्या जुन्या फोनमुळे. बारा जीबीच्या फोनवर हा प्रसंग सहसा येतच नाही. व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती मेमरीत धरून ठेवणाऱ्या भागात) माहिती ठेवली की झालं, असं बरेच नवे डेव्हलपर धरून चालतात. फोन आडवा-उभा केला तर व्ह्यूमॉडेल टिकतं, पण प्रोसेसच, म्हणजे चालू असलेलं आख्खं ॲपच, मारली गेली तर त्याच्याबरोबर तेही जातं. अर्धवट भरलेला फॉर्म सेव्हड-स्टेट-हँडलमध्ये (प्रोसेस गेली तरी अँड्रॉइड जपून ठेवतं त्या जागेत) ठेवा किंवा सरळ फोनवरच्या रूम डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून लिहा. तपासायचं असेल तर ॲप होम बटणाने मागे टाका, एडीबीवरून (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनातून) 'एएम किल' ही आज्ञा द्या आणि अलीकडच्या ॲप्समधून परत उघडा. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' उपयोगाचं आहे, पण ते फक्त ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा स्क्रीन, नष्ट करतं, प्रोसेस जिवंतच राहते. म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

बॅटरीचंही तसंच. अँड्रॉइड 6 पासून डोझ आहे, म्हणजे फोन नुसता पडून असला की मागची कामं रोखून धरली जातात, आणि त्यावर अनेक कंपन्या आपापले निर्बंध लादतात. बॅकग्राउंडला सर्व्हरशी होणारं सिंक वर्कमॅनेजरकडे (अशी मागची कामं करवून घेणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीकडे) द्या आणि फोन रात्रभर चार्जरशिवाय पडून राहू द्या. सकाळी काय पोचलं, काय नाही ते बघा.

तुमचं ॲप मराठी लोक वापरणार असतील तर आणखी एक. एम्युलेटरमध्ये आपण लॅपटॉपवरून 'टेस्ट1', 'एबीसी' असं काहीतरी बडवतो. खऱ्या फोनवर मराठी कीबोर्डने खरी नावं टाका. नावात फक्त अक्षरंच हवीत अशी तपासणी लावली असेल तर 'स्वाती' हे नाव नाकारलं जाईल, कारण युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिप्या साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) हिशेबात काना, वेलांटी आणि हलन्त ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. पायथन भाषेतली 'इझअल्फा' ही 'सगळी अक्षरंच आहेत का' बघणारी तपासणीसुद्धा 'स्वाती'ला नाहीच म्हणते. मग 'कुऱ्हाडे' घ्या. कुणाच्या फोनमधून त्यातला ऱ स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, कुणाच्या फोनमधून र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असा. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतं आणि दुसरं नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) हे दोन एक करत नाही, सेव्ह करण्याआधी तुम्हालाच एका रूपात आणावं लागतं. स्वतःच्या नावाला 'अवैध' म्हणणारं ॲप कुणी का वापरावं? मला हे फार लागतं, म्हणून इतकं लिहिलं.

एम्युलेटर फेकून द्या असं नाही. वेगवेगळे स्क्रीन, जुन्या-नव्या अँड्रॉइड आवृत्त्या, खोटं लोकेशन, येणारा एसएमएस, याला तो उत्तम. दिवसभराचं काम त्यावरच करा. संध्याकाळी मात्र बिल्ड (त्या दिवशी तयार झालेलं ॲप) जुन्या फोनवर टाका, आणि एकदा उन्हात नेऊन बघा, फिकट करड्या रंगातलं काही वाचता येतं का.

फोन घेताना: पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत चक्कर मारा, नाहीतर ओळखीत विचारा, अनेकांच्या कपाटात असा फोन पडून असतो. दुकानातून घेताना बिल मागाच. स्टार-हॅश-06-हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि 'केवायएम', मग जागा सोडून तो 15 आकडी क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये (चोरीचा वगैरे म्हणून बंद केलेला) असेल तर तिथेच कळतं. अँड्रॉइड 11 किंवा पुढचं असेल तर आणखी बरं, त्यात वायरलेस डिबगिंग आहे, म्हणजे केबलशिवाय वाय-फायवरून ॲप टाकता येतं. जुन्या फोनची चार्जिंग पिन बहुतेक सैल झालेली असते आणि ऐन इन्स्टॉलच्या वेळी केबल निसटते.