बीपच्या आधी-नंतर टक् का वाजतं?

प्रश्न: आमच्या लिनक्सवाल्या छोट्या बोर्डवर तापमान वाढलं की बीप द्यायचाय. आधी सी प्रोग्राममधून सिस्टिम फंक्शनने एप्ले (आवाजाची फाईल वाजवणारी कमांड) चालवून वेव्ह फाईल वाजवत होतो, आवाज उशिरा यायचा. आता साइन वेव्ह कोडमध्येच बनवतो आणि आल्साने (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) वाजवतो, पण प्रत्येक बीपच्या सुरुवातीला नि शेवटी टक् वाजतं. काय करू?

उत्तर: फाईल सोडलीत ते बेस्ट केलंत, दरवेळी शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) उठणार, मग एप्ले उठणार, मग डिव्हाइस उघडणार, अलार्मला एवढा वेळ नसतोच. डिव्हाइस प्रोग्राम सुरू होतानाच उघडून ठेवा.

आता टक्. 48000 सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे 48000 आकडे, एक आकडा म्हणजे एक सॅम्पल) 1000 हर्ट्झची एक लाट बरोबर 48 सॅम्पलची होते. बीप लाटेच्या मधेच तुटला, म्हणजे एक सॅम्पल 20000 आणि पुढचा थेट 0, की स्पीकरचा पडदा झटका खातो, तेच तुम्हाला ऐकू येतं. त्यामुळे पहिल्या 5 मिलिसेकंदात, म्हणजे 240 सॅम्पलमध्ये, आवाज शून्यापासून चढवत न्या आणि शेवटी तसाच उतरवा, सरळ रेषेत चढवला तरी पुरतो. दोन सुरांचा सायरन करायचा असेल तर सूर बदलताना फेज (लाट कुठवर आलीय ती जागा) शून्यावर आणू नका, आहे तिथूनच पुढे चालू द्या, नाहीतर मधेही टक् येईल. प्रोसेसरला फ्लोटिंग पॉइंट (दशांशाची गणितं करायची सोय) नसेल तर एका लाटेच्या 48 आकड्यांचं टेबल आधीच करून ठेवा, साइन फंक्शन लागतच नाही.

एसएनडी_पीसीएम_राइटआय (आल्साला सॅम्पल देणारं फंक्शन) ला फ्रेम्स (एका क्षणाचे सगळ्या चॅनेलचे सॅम्पल) मोजून द्यायच्या, बाइट्स नाही हं! 16 बिट मोनोत एक फ्रेम 2 बाइट्सची, बाइट्स दिलेत तर ते फंक्शन तुमच्या बफरच्या (सॅम्पलच्या साठ्याच्या) पलीकडचं वाचतं आणि बीपनंतर खरखर येते. अजून एक, बीप आल्साच्या बफरपेक्षा छोटा असेल तर नुसतं लिहून तो बरेचदा वाजायला लागतच नाही, त्यामुळे लिहून झालं की एसएनडी_पीसीएम_ड्रेन करा (उरलेलं सगळं वाजवून मग थांबतं) आणि पुढच्या बीपआधी एसएनडी_पीसीएम_प्रिपेअर (डिव्हाइस पुन्हा तयार करतं). थांबवायला एसएनडी_पीसीएम_ड्रॉप वापरू नका, तो मधेच तोडतो.

सूर 2000 हर्ट्झच्या आसपास ठेवा, छोट्या स्पीकरला 300 हर्ट्झ झेपत नाही आणि आपला कानही 2000 ते 4000 मध्येच सगळ्यात तिखट असतो. बोर्डवर स्पीकर नसून पिझो बझर असेल तर मात्र आल्साच्या वाटेला जाऊ नका, कर्नलमध्ये पीडब्ल्यूएम-बीपर ड्रायव्हर आहे, त्याच्या इव्हेंट फाईलमध्ये एसएनडी_टोन आणि हर्ट्झचा आकडा लिहिला की वाजतं, 0 लिहिला की बंद.