‘टच बेस’ मधला बेस कुठला? ऑफिसच्या मेलमध्ये शिरलेलं बेसबॉल

प्रश्न असा आलाय: अमेरिकन क्लायंटच्या मेलमध्ये सारखं ‘लेट्स टच बेस ऑन थर्सडे’, ‘जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर’, ‘आय विल टेक अ रेन चेक’ असलं काहीतरी असतं, तर हा बेस म्हणजे लष्कराचा तळ का, बॉलपार्क काय भानगड आहे, आणि मराठीत याला म्हणायचं काय?

तळाबिळाशी काही संबंध नाही. तिन्ही शब्द बेसबॉलच्या मैदानावरून थेट ऑफिसात आलेत. आणि माझं मत असं की यांचे अर्थ नुसते पाठ करून भागत नाही, त्यामागचा खेळाचा नियम माहीत असला की अर्थाची नेमकी छटा कळते, मग मराठी शब्द आपोआप सुचतो.

आधी बेस. बेसबॉलचं आतलं मैदान म्हणजे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, दर कोपऱ्याला एक बेस, दोन बेसमधलं अंतर 90 फूट. पहिला, दुसरा, तिसरा बेस म्हणजे जमिनीला पक्की केलेली पांढरी जाड उशी, आणि चौथा म्हणजे होम प्लेट, जिथे बॅटर उभा राहतो. मारलं की पळत सुटायचं आणि एकेक बेस ओलांडत परत होमला यायचं, तेव्हा एक रन. यात मेख अशी की प्रत्येक बेसला पाय लागलाच पाहिजे, नुसतं जवळून गेलं तर चालत नाही. होमरन मारून बॉल प्रेक्षकांत गेला तरी तो मारणारा गडी निवांत धावत चारही बेसला पाय लावून येतो ते याच कारणाने. एखादा राहिला आणि समोरच्या टीमने अपील केलं तर आउट.

याची सगळ्यात गाजलेली गोष्ट 23 सप्टेंबर 1908 ची. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, शेवटची इनिंग, स्कोअर 1-1, दोन आउट. तिसऱ्या बेसवर जायंट्सचा मॅककॉर्मिक, पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल नावाचा 19 वर्षांचा पोरगा. ब्रिडवेलने बॉल मारला, मॅककॉर्मिक होमला पोचला, रन झाला, जायंट्स जिंकले म्हणून पब्लिक धो धो मैदानात घुसलं. मर्कल पहिल्याकडून दुसऱ्या बेसकडे निघाला होता, पण गर्दी बघून त्याने मध्येच दिशा बदलली आणि थेट क्लबहाउस गाठलं, दुसऱ्या बेसला पाय लावलाच नाही. तेव्हा बरेच जण असंच करायचे, मॅच संपली की कोण कशाला बेस शिवत बसतंय. पण कब्जचा जॉनी एव्हर्स नियमाचा किडा, थोड्याच दिवसांपूर्वी पिट्सबर्गला असंच अपील त्याने याच अंपायरकडे, हँक ओडेकडे, केलं होतं आणि ते फेटाळलं गेलं होतं. या वेळी त्याने कुठून तरी बॉल मिळवला (तो तोच बॉल होता का यावर लोक अजून भांडतात) आणि दुसऱ्या बेसवर उभा राहिला. ओडेने मर्कलला आउट दिलं, तो तिसरा आउट, म्हणून रन रद्द, अंधार पडत आलेला आणि मैदानभर माणसं, त्यामुळे मॅच बरोबरीत. सीझन संपताना दोन्ही टीम सारख्याच गुणांवर आल्या, 8 ऑक्टोबरला तीच मॅच परत खेळवली आणि कब्ज जिंकले, पुढे वर्ल्ड सीरिज म्हणजे सीझनची फायनलही जिंकले, आणि मग पुढची जिंकायला त्यांना 2016 उजाडलं. मर्कल त्यानंतर कितीतरी वर्षं चांगला खेळला, पण ‘बोनहेड’ म्हणजे मठ्ठ हे नाव बिचाऱ्याला जन्मभर चिकटलं ते चिकटलंच.

आता ‘टच बेस’ बघा. पाय टेकवायचा, क्षणभर, आणि पुढे निघायचं, तिथे बसकण मारायची नाही, पण टाळायचं पण नाही, कारण टाळलं तर पुढे घोळ होतो. म्हणजे ‘लेट्स टच बेस’ ला सविस्तर मीटिंग म्हणून अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन घेऊन जाऊ नका. आपल्याकडे ‘उभ्या उभ्या भेटून जातो’ म्हणतात ना, अगदी तेच, किंवा साधं ‘गुरुवारी जरा बोलून घेऊ’. ‘संपर्क साधूया’ हे बरोबर आहे पण फार सरकारी वाटतं. आणि ‘यू आर ऑफ बेस’ असं कुणी म्हणालं तर ते वेगळं, बेस सोडून उभ्या असलेल्या गड्याला टिपून आउट करता येतं, तसा तुमचा मुद्दा उघड्यावर पडलाय, चुकताय तुम्ही, असा अर्थ.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं स्टेडियम, बस. पूर्वी हा खेळ मोकळ्या माळावर चालायचा, कोणीही यावं आणि बघावं. 1862 मध्ये ब्रुकलिनमध्ये विल्यम कॅमेयर नावाच्या माणसाने युनियन ग्राउंड्सला कुंपण घातलं, कशासाठी तर तिकीट लावता यावं म्हणून. तेव्हापासून कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं असा फरक आला, आणि ‘बॉलपार्क फिगर’ मध्ये तोच फरक आहे. आकडा नक्की कुठे पडेल ते माहीत नाही, पण कुंपणाच्या आत पडेल. हा आकड्याबद्दलचा वापर तसा अलीकडचा, 1960 च्या आसपासचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डिस्कव्हरर 14 या उपग्रहाची कॅप्सूल पॅराशूटने खाली येताना हवाईजवळ विमानाने हुकात अडकवून हवेतल्या हवेत पकडली (आत हेरगिरीचे फोटो होते, ते नंतर बाहेर आलं), आणि त्या वेळच्या बातम्यांत ती जिथे उतरायला हवी होती त्या पट्ट्याला बॉलपार्क म्हटलेलं सापडतं. नेम चुकला तरी बॉलपार्कमध्येच आहे, असं.

म्हणून मराठीत ‘ढोबळ आकडा’ किंवा ‘अंदाजे किती’ हे चालेल, पण ‘वाट्टेल तो आकडा’ नाही. क्लायंटने बॉलपार्क मागितला तर चाळीस ते पन्नास हजार डॉलर असं काहीतरी सांगायचं, पंचेचाळीस हजार दोनशे बारा नाही, आणि दहा हजार ते दोन लाख पण नाही. बाय द वे, क्रिकेटची मैदानं जशी लहानमोठी असतात तशीच बॉलपार्कं पण एकसारखी नसतात. बोस्टनचं फेनवे पार्क 1912 चं आहे, तिथे डाव्या बाजूची भिंत खूप जवळ येते म्हणून ती 37 फूट उंच केलीये, तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात.

रेन चेक हा माझा आवडता. 1880 च्या दशकात तिकिटाचा एक तुकडा प्रेक्षकाकडे राहायला लागला, पाऊस आला आणि पाच इनिंग्जच्या आत खेळ थांबला तर तो तुकडा दाखवून दुसऱ्या दिवशीच्या मॅचला फुकट जायचं. त्या तुकड्याचं नाव रेन चेक. यातला चेक म्हणजे तपासणी नव्हे, बॅगा ठेवल्यावर टोकन देतात तसला चेक. म्हणजे जेवायला बोलावल्यावर ‘रेन चेक’ मागणारा माणूस मुळात असं म्हणतो की आज जमत नाही पण तुमचं आमंत्रण जपून ठेवलंय, पुढे वापरणार आहे. आपलं ‘आजचं जेवण उधार राहिलं हं’ हे याला इतकं फिट बसतं की दुसरं काही शोधू नये. मात्र व्यवहारात बरेच अमेरिकन लोक सरळ नाही म्हणायचं नसतं म्हणून रेन चेक म्हणतात, आपण ‘बघू, येऊ एकदा’ म्हणतो तसंच, तेव्हा तारीख ठरवायला डायरी उघडून बसू नका.

या तिघांबद्दल विचारलंय, पण जे कुणी विचारत नाही ते जास्त भारी आहे. ‘फॅन’ हा शब्द, मी लताबाईंचा फॅन, पुलंचा फॅन, हा सुद्धा बेसबॉलच्या बातम्यांतूनच पसरला. 1880 च्या दशकात अमेरिकन वार्ताहर मॅचवेड्या प्रेक्षकांना आधी ‘क्रँक’ म्हणजे सटकलेले म्हणायचे, मग ‘फॅनॅटिक’ चं तोडून ‘फॅन’ झालं. बहुतेक कोश ही व्युत्पत्ती मानतात. आणि ‘जॅझ’! संगीताला हे नाव चिकटायच्या आधी 1912 मध्ये लॉस एंजेलिसच्या पेपरात बेन हेंडरसन नावाचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आपल्या वळणाऱ्या बॉलला ‘जॅझ बॉल’ म्हणतो अशी बातमी आहे, आणि पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडापानांवर तो शब्द जोश, दम या अर्थाने नाचताना दिसतो.

‘कर्व्हबॉल’ बद्दल थोडं. ‘ही थ्रू मी अ कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण टाकली. याचं श्रेय बहुधा कँडी कमिंग्जला देतात, ब्रुकलिनचा पोरगा, शिंपले फेकताना ते हवेत वळतात हे बघून त्याला बॉल वळवायचं सुचलं असं तो स्वतः सांगायचा (बाकीच्यांनीही दावे केलेत, पण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, 1939 ला त्यालाच घेतलं). मराठीत याला ‘गुगली टाकली’ हेच म्हणतो आपण आणि ते बरोबरच आहे. तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर कर्व्हबॉल टप्पा न पडता हवेतच वळतो, म्हणजे स्विंगच्या जवळचा, पण भाषेत फसवण्याला महत्त्व आहे, वळणाला नाही, आणि फसवते गुगली.

आता एक सावधगिरी. खेळातल्या शब्दांभोवती छान छान गोष्टी फार चिकटतात. ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’, म्हणजे ध्यानीमनी नसताना कुठून तरी आलेलं, याची गोष्ट अशी सांगतात की शिकागोच्या जुन्या मैदानाच्या लेफ्ट फील्डमागे, म्हणजे डावीकडच्या लांबच्या भागामागे, वेड्यांचं इस्पितळ होतं. मजेदार आहे, पण पुरावा फार तोकडा. ‘ग्रँड स्लॅम’ तर बेसबॉलमध्ये पण वापरतात म्हणून तिथलाच समजतात, तो मुळात पत्त्यांतला. आणि मोठी बनवाबनवी तर खुद्द खेळाच्याच जन्माची. 1905 मध्ये बेसबॉल नक्की कुणी काढला हे ठरवायला एक मिल्स कमिशन नेमलं गेलं आणि त्याने निकाल दिला की 1839 मध्ये कूपर्सटाउन गावात अ‍ॅबनर डबलडेने काढला, जो पुढे सिव्हिल वॉरमध्ये जनरल झाला. आधार काय, तर एका म्हाताऱ्या गृहस्थाचं पत्र. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत होता! आणि ‘बेस-बॉल’ हा शब्द 1744 च्या लंडनमधल्या लहान मुलांच्या एका पुस्तकात छापलेला आहे. पण अस्सल अमेरिकन खेळ इंग्रजांच्या पोरखेळातून आला हे पचणार कसं, म्हणून जनरलसाहेब. हॉल ऑफ फेम आजही कूपर्सटाउनलाच आहे.

गंमत म्हणजे क्रिकेट पण तिथे होतं आणि जोरात होतं. क्रिकेटची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच 1844 मध्ये न्यूयॉर्कला झाली, अमेरिका विरुद्ध कॅनडा. त्याच न्यूयॉर्कमध्ये 1845 मध्ये निकरबॉकर क्लबने आपले नियम लिहून काढले आणि बेसबॉलला आकार आला. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा, 1850 च्या दशकात बेसबॉलकडे वळला आणि बॉक्स स्कोअर म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता त्याने रुजवला. 1869 चा पहिला उघड व्यावसायिक संघ सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज उभा करणारा हॅरी राइट तर शेफील्डचा, पूर्वीचा पगारी क्रिकेटर. अंपायर, इनिंग हे शब्द दोन्हीकडे आहेत ते असे.

तर मग हे सगळं बोलण्यात एवढं मुरलं कसं? माझ्या मते मोठमोठ्या फायनल्समुळे नाही, रोजच्या रतीबामुळे. एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज मॅच, आता एका टीमच्या 162, पूर्वी 154, रोज पेपरात बॉक्स स्कोअर, 1921 पासून रेडिओवर, आणि बाहेरून आलेल्या माणसाला दुकानात, ट्रॅममध्ये ओळख नसताना बोलायला हा एक विषय. 1942 च्या जानेवारीत, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला जेमतेम महिना झालेला, तेव्हा प्रेसिडेंट रूझवेल्टनी पत्र लिहून कळवलं की खेळ चालू ठेवा, देशासाठी ते चांगलं. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा वर्णभेदाचं सगळं राजकारण एका पहिल्या बेसवर उभं होतं, कारण त्या दिवशी तो तिथेच फील्डिंगला होता. आज टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल कधीच पुढे गेलंय, पण बोलीत अजून बेसबॉलच. आपल्या राजकीय बातम्यांत शह-काटशह बुद्धिबळातून आणि धोबीपछाड कुस्तीच्या आखाड्यातून येतो, तिथे ओबामांनी 2014 मध्ये मनीलात परराष्ट्र धोरण समजावताना सिंगल्स, डबल्स (एक-दोन बेसपुरते फटके) आणि अधूनमधून होमरन अशी भाषा वापरली.

उलट दिशेने मात्र जपून. ‘स्टिकी विकेट’, ‘हिट फॉर अ सिक्स’ अमेरिकन माणसाला लिहाल तर तो नुसता बघत राहील. हॅटट्रिक चालेल, ती त्यांना आइस हॉकीतून माहीत आहे.

शेवटी ‘थ्री स्ट्राइक्स’, कारण तो ऑफिसच्या बाहेर गेलाय. स्ट्राइक म्हणजे मारण्याजोगा बॉल सोडला किंवा हुकला, असे तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, यावरून वॉशिंग्टन राज्याने 1993 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये कायदे केले, तिसऱ्या गुन्ह्याला जबर शिक्षा, कॅलिफोर्नियात 25 वर्षं ते जन्मठेप. आणि 2005 मध्ये सरन्यायाधीश व्हायच्या सुनावणीत जॉन रॉबर्ट्स म्हणाले की न्यायाधीश म्हणजे अंपायर, त्याचं काम बॉल (म्हणजे बाहेरून गेलेला) की स्ट्राइक एवढं सांगायचं, स्वतः पिचिंग-बॅटिंग करायची नाही. यावर टीकाकारांनी त्यांना तिथेच धरलं. स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेला बॉल स्ट्राइक धरतात ती, नियमात पक्का आहे, होम प्लेटची 17 इंच रुंदी आणि गुडघ्याखालून छातीच्या आसपासपर्यंतची उंची, पण कुठल्याही पिचरला विचारा, प्रत्येक अंपायरचा झोन वेगळा असतो, आणि मॅच सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन इनिंग्ज पिचर आजचा झोन कुठे आहे हेच चाचपत असतो.