बेलवर आधी स्वतःचं नाव लावा

नवऱ्याची बदली जर्मनीत झाली आहे, पुढच्या महिन्यात ठाणं सोडणार, तिथली माणसं थंड असतात असं ऐकलंय, मग एकटं पडायला होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी नौपाड्यातली. लग्नानंतर तीन वर्षं श्टुटगार्टला होते, आता परत इथेच. पहिले चार महिने मी फार एकटी पडले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की संध्याकाळच्या आत शेजारच्या काकू डोकावतात. गाव कुठलं, दूध लावलं का, कामाला बाई हवी का. तिथे मी तशीच वाट बघत बसले. कुणी आलं नाही. परदेशी म्हणून टाळतात असंच मी धरून चालले. पुढे वरच्या मजल्यावरच्या आजींनी उलगडा केला: नवीन आलेल्यानेच दारोदार जाऊन ओळख करून द्यायची, अशी तिथली रीत. मी गेले नाही म्हणून सगळ्यांना वाटत होतं, या दोघांना कुणाशी संबंध नकोत!

नावाचंही तसंच. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नसतो, बेलवर आणि टपालपेटीवर नाव असतं आणि पोस्टमन तेच बघतो. आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव, माझ्या पासपोर्टवर माहेरचं. माझी पत्रं परत गेली, त्यात टॅक्स नंबरचं पत्रही होतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो आधीच मागून ठेवा. आणि दोन्ही आडनावं पेटीवर पहिल्याच दिवशी चिकटवा.

श्टुटगार्टच्या भागात केरवोखे नावाची प्रथा आहे. शब्दातच आपला केर ऐकू येतो आणि अर्थही योगायोगाने तोच, झाडलोटीचा आठवडा. तुमची पाळी आली की दारावर पाटी लटकते. त्या आठवड्यात जिना आणि इमारतीसमोरचा फुटपाथ तुम्ही झाडायचा, मग तुम्ही डॉक्टर असा की इंजिनियर. मला सुरुवातीला अपमान वाटला होता. पण जिना झाडतानाच माझ्या सगळ्या ओळखी झाल्या. येणारा-जाणारा थांबायचा, मोडकंतोडकं बोलणं व्हायचं. आजी तिथेच भेटल्या.

त्यांच्या भाषेत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे, 'डू' आणि 'झी'. घरच्या माणसांना तिथेही डूच म्हणतात, बाहेरच्या मोठ्या माणसाला मात्र त्याने परवानगी दिल्यावरच. दीड वर्षाने आजी म्हणाल्या, आता मला डू म्हण. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून हे सांगितलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता.

वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा अजिबात देऊ नका, अपशकुन मानतात. रविवारी दुकानं बंद, वाणसामान शनिवारीच भरा. रविवारी भिंतीत ड्रिल चालवणं नाही आणि रात्री दहानंतर शांतता. मला तर ते रविवार हवेहवेसे वाटायला लागले.

नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना, असेल तर तुमच्या व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नसते, पण म्हणून भाषा टाळू नका. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग असतात, ठाण्याहून जायला लांब पडतं खरं. या महिन्याभरात निदान आकडे आणि ओळखीची वाक्यं तरी पक्की करा.

सामानात तूप, पेढे नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. पातळ पोह्यांच्या चिवड्याची छोटी पाकिटं न्या, इमारतीत जितकी घरं तितकी. पहिल्या शनिवारी दुपारी एकेक बेल वाजवा, पाकीट पुढे करा, आत शेंगदाणे आहेत हे सांगा, आणि म्हणा, "वीर झिंड नॉय आइनगेत्सोगन." आम्ही इथे नवीन राहायला आलोय.