प्रश्न तुमचे: टाचण्या, करवतीचं पातं आणि अलिबागची वेधशाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. कपाटातल्या पट्टीचुंबकांना आता एक टाचणीसुद्धा धड उचलवत नाही. नवीन साहित्याला पैसे नाहीत. चुंबकत्वाचा धडा प्रयोगांतून कसा घेऊ? (एक शिक्षिका, संगमेश्वर तालुका)

बाई, आधी त्या पट्ट्या वाचवू. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जळका स्पीकर मागा. त्यामागचं काळं कडं म्हणजे जोरदार चुंबक. त्याची एक सपाट बाजू पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासत न्या, वर उचला, हवेतून परत आणा आणि पुन्हा त्याच दिशेने घासा. मागे-पुढे घासू नका, केलेलं सगळं पुसलं जाईल. पट्टीत जीव आला की दोन पट्ट्या उलटसुलट ध्रुव शेजारी येतील अशा ठेवा आणि दोन्हीकडच्या टोकांना लोखंडाचा एकेक तुकडा चिकटवून टाका. सारखे ध्रुव एकत्र कोंबून ठेवणं आणि पट्ट्या फरशीवर पाडणं, शाळांमधले चुंबक मरतात ते मुख्यतः यानेच.

आता धडा. फळ्यावर 'उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव' लिहून सुरुवात करू नका, अशी माझी आग्रहाची विनंती. टाचण्यांची डबी मुलांपुढे ओता आणि विचारा, पट्टीच्या कोणत्या भागाला किती टाचण्या लोंबतात? मोजून वहीत लिहायला लावा. टोकांना झुबके येतील, मध्यभागी जवळजवळ काहीच नाही. पोरं स्वतःच म्हणतील, 'बाई, मधे जोरच नाही!' ध्रुव हा शब्द तेव्हा द्यायचा. एका टाचणीला दुसरी, तिला तिसरी अशी माळही करून बघू द्या. टाचणी चुंबकाला टेकली की तीही तात्पुरती चुंबक होते, हे सांगावं लागत नाही.

लोहकीस विकत आणू नका. नदीची किंवा रस्त्याकडेची वाळू कोरडी करा, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यातून फिरवा. काळे कण चिकटतील. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, दगड झिजला की ते वाळूत येतं. पिशवी उलटी करून चुंबक काढला की कण खाली पडतात. (पिशवी विसरलात तर चुंबक साफ करण्यात तुमची संध्याकाळ जाईल.) हे कण कागदावर भुरभुरवा, खाली चुंबक धरा, कागदाला टिचकी मारा.

मग सुई. वर सांगितलं तशी घासून चुंबक केलेली सुई थर्माकोलच्या चकतीवर आडवी ठेवा आणि चकती प्लॅस्टिकच्या वाडग्यातल्या पाण्यात सोडा. ती उत्तर-दक्षिण थांबेल. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक अगदीच किरकोळ असतो, त्यामुळे ध्रुवताऱ्याशी ताडून बघता येतं. पण काही गटांची सुई भलतीकडे तोंड करेल. ती तशीच राहू द्या आणि कारण मुलांनाच शोधायला सांगा. बाकाचे लोखंडी पाय, कपाट, कुणाच्या खिशातला मोबाईल! वाडगा मैदानात नेला की सुई ताळ्यावर येते. धड्यातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच, असं मला वाटतं.

वेळ उरला तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची वार्निशची तार आणा, मोठ्या खिळ्यावर गुंडाळा, टोकं पॉलिश पेपरने खरवडा आणि दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर जोडा. वेढे वाढवून पुन्हा टाचण्या मोजा. तार तापते, म्हणून जोडून ठेवू नका. घरच्या प्लगजवळ हा प्रयोग कुणी नेणार नाही, एवढं मात्र दरडावून सांगा.

चुंबक मधोमध तोडला तर उत्तर ध्रुव एका तुकड्यात आणि दक्षिण दुसऱ्यात जाईल का? (इयत्ता सातवी, लातूर)

तूच तोडून बघ, बाळा. चुंबक नको तोडूस, महाग आहे. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घे, घासून चुंबक कर. कुठल्या टोकाने होकायंत्राच्या सुईचं उत्तरेकडचं टोक ढकललं जातं ते खडूने लिहून ठेव. मग मोठ्या माणसाला पातं जाड फडक्यात गुंडाळून मोडायला सांग. कडक पातं काडकन तुटतं आणि तुकडा उडतो, म्हणून फडकं हवंच. आता दोन्ही तुकड्यांची चारही टोकं सुईच्या त्याच टोकापाशी ने. प्रत्येक तुकड्यात सुईला ओढणारं एक आणि ढकलणारं एक टोक सापडेल. पुन्हा मोडलंस तरी तेच. ढकलण्यावरच लक्ष ठेव. ओढलं तर साधं लोखंडही असू शकतं, पण ढकललं म्हणजे तो चुंबकच. परीक्षेत याला 'प्रतिकर्षण ही खरी कसोटी' म्हणतात.

स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटला नाही. दुकानदाराने फसवलं का? (पुणे)

नाही. निकेल असलेल्या चांगल्या स्टेनलेस स्टीलला बहुधा चुंबक चिकटत नाही, स्वस्तातल्या काही प्रकारांना चिकटतो. चुंबकाने भांड्याचा दर्जा ठरत नाही. इंडक्शन शेगडीवर चालेल की नाही, एवढं मात्र कळतं.

मुंबईतली ट्राम आली म्हणून वेधशाळा अलिबागला गेली, हे खरं का? (ठाणे)

खरं आहे, पण अख्खी वेधशाळा नव्हे, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींचं काम. मुंबईत कुलाब्याला त्या नोंदी 1841पासून होत होत्या. 1859च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौरवादळाने त्या चुंबकत्वाला दिलेला हादराही तिथे नोंदला गेला. विजेच्या ट्रामचा प्रवाह उपकरणं बिघडवणार हे दिसल्यावर संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला नवं केंद्र उभं राहिलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला जोडता येईल. विजेची ट्राम 1907मध्ये धावली. इमारतीत लोखंड चालणार नव्हतंच, पण कोकणातला काळा दगडही नको होता, कारण तो स्वतःच चुंबकीय! म्हणून पोरबंदरचा दगड आणला. वर संगमेश्वरच्या बाईंना वाळूतले कण गोळा करायला सांगितलं, ते कोकणातल्या त्या काळ्या दगडातलेच. आज हे केंद्र भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

मुलाच्या वाढदिवसाला चकचकीत छोट्या चुंबकी गोळ्यांचा संच आला आहे. खेळू द्यावा का? (नाशिक)

देऊ नका, घरात धाकटं भावंड असेल तर मुळीच नाही. त्या निओडिमियम हा धातू घालून केलेल्या, फार जोरदार चुंबकांच्या असतात. एकीपेक्षा जास्त गोळ्या गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकींना खेचतात, मधली आतड्याची भिंत चिमटली जाऊन तिला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी पोट दुखायची वाट न बघता थेट दवाखान्यात जा आणि 'चुंबक गिळलाय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मुलाला चुंबकाचीच आवड असेल तर स्पीकरचं ते काळं कडं द्या; ते तोंडात मावत नाही.