बीडीएस आणि एमपीएचनंतर अमेरिकेत हेल्थ सर्व्हिसेस रिसर्चमधील पीएचडीसाठी अर्ज कसा करावा?

तुम्ही बीडीएसनंतर मुंबईत एमपीएच केले आहे, सध्या जिल्हा पातळीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या, म्हणजे राज्याच्या आरोग्य विमा योजनेच्या कामात आहात आणि नावावर अजून एकही शोधनिबंध नाही. एवढ्यावर अमेरिकेत प्रवेश मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी याच विषयात तिथे पीएचडी केली असून दरवर्षी काही इच्छुकांचे एसओपी (अर्जासोबतचे उद्देशपत्र, स्टेटमेंट ऑफ पर्पज) वाचून देतो, त्या अनुभवावरून उत्तर देत आहे. शोधनिबंध नसल्यामुळे अर्ज सहसा अडत नाही. बहुतेक अर्ज अडतात ते त्यात तपासून पाहता येईल असा प्रश्नच नसल्यामुळे.

आपल्याकडच्या वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शिक्षणात सगळा भर आजार आणि उपचारावर असतो. हेल्थ सर्व्हिसेस रिसर्च या शाखेत मात्र उपचार रुग्णापर्यंत पोहोचतो का, किती खर्चात पोहोचतो, कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, याचा अभ्यास होतो. अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली सेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि परिणाम या तीन अंगांनी तपासण्याची मांडणी केली आणि ती आजही प्रत्येक विभागात शिकवली जाते. 1973 साली जॉन वेनबर्ग आणि अॅलन गिटेलसोन यांनी व्हरमाँट राज्यात शेजारशेजारच्या भागांतील टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोजले, तेव्हा त्यात कित्येक पटींचा फरक दिसला आणि तो केवळ आजाराच्या प्रमाणावरून समजावता येईना. हा निबंध अर्ज करण्याआधी अवश्य वाचा, कारण या क्षेत्रातले लोक प्रश्नाकडे कसे पाहतात हे त्यातून चटकन कळते.

आता एसओपीकडे येतो, कारण निवड समिती सर्वांत बारकाईने वाचते ते हेच. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांपैकी बरेचसे ‘ग्रामीण भागातील रुग्णांची हलाखी मी जवळून पाहिली आहे आणि मला आरोग्य व्यवस्था सुधारायची आहे’ अशा वाक्याने सुरू होतात. भावना खरी असते, परंतु त्या वाक्यावरून समितीला तुमची विचार करण्याची पद्धत कळत नाही. तुमच्याच कामातले उदाहरण घेऊ. ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने जुलै 2012 मध्ये गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर लागू झाली. म्हणजे सुमारे सोळा महिने काही जिल्ह्यांत योजना होती आणि बाकीच्यांत नव्हती. या काळात शस्त्रक्रियेसाठी कुटुंबाला खिशातून करावा लागणारा खर्च पहिल्या आठ जिल्ह्यांत कमी झाला का, असा प्रश्न मांडला, की त्यात तुलना येते, काळ येतो आणि मोजता येईल असा परिणामही येतो.

पण इथेच थांबू नका, कारण प्रश्न सुचणाऱ्यांपेक्षा त्यातली अडचण ओळखणारे अर्जदार कमी असतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आरोग्यावरील 71वी फेरी जानेवारी ते जून 2014 मध्ये झाली आणि तिच्यात रुग्णालयात दाखल झाल्याची माहिती मागील 365 दिवसांची विचारली होती, त्यामुळे योजना फक्त आठ जिल्ह्यांत असतानाचा काळ आणि ती सगळीकडे लागू झाल्यानंतरचा काळ एकाच उत्तरात मिसळतात. त्याआधीची आरोग्य फेरी थेट 2004 ची आहे. शिवाय एका जिल्ह्यातला नमुना लहान असतो, आणि मुंबई व गडचिरोली एकाच गटात असल्यामुळे सरासरी काढणेही धोक्याचे ठरते. या मर्यादा सांगून ‘म्हणून मला योजनेच्या दाव्यांचा डेटा आणि कार्यकारणभाव तपासण्याच्या पद्धती शिकायच्या आहेत’ असे लिहिले, तर पीएचडी कशासाठी हवी आहे याचे उत्तर आपोआप मिळते. दाव्यांची छाननी, नाकारलेले दावे, पॅनेलवरचे रुग्णालय असूनही बाहेरून आणावी लागणारी औषधे, हे सारे तुम्ही रोज पाहता. अमेरिकेतल्या अर्जदारांकडे हा अनुभव नसतो, त्यामुळे तो संकोच न करता लिहा, मात्र कार्यालयीन गोपनीय माहिती त्यात येऊ देऊ नका.

विद्यापीठे निवडताना एक अडचण अशी, की हा विषय वेगवेगळ्या नावांच्या विभागांत शिकवला जातो. ब्राउन आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या पदवीत हेल्थ सर्व्हिसेस रिसर्च हे नाव आहे, जॉन्स हॉपकिन्समध्ये तो हेल्थ पॉलिसी अँड मॅनेजमेंटच्या अंतर्गत येतो, मिशिगनमध्ये हेल्थ सर्व्हिसेस ऑर्गनायझेशन अँड पॉलिसी म्हणून. हार्वर्डची हेल्थ पॉलिसीतली पीएचडी अनेक विभाग मिळून चालवतात आणि तिचा अर्ज थेट त्यांच्या ग्रॅज्युएट स्कूलकडे करावा लागतो. नावापेक्षा तिथले प्राध्यापक अलीकडे काय छापत आहेत ते पाहा. उदाहरणार्थ, ब्राउनमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीवर मोठे काम चालते, तर तुमचा विषय आरोग्य विमा आहे, म्हणून तिथे तुमच्या विषयाचे मार्गदर्शक आहेत का ते आधी तपासा. डीआरपीएच ही वेगळी, व्यवसायाभिमुख पदवी आहे आणि तिचा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच करावा लागतो, त्यामुळे तिच्याशी गल्लत करू नका.

पैशाबाबत स्पष्टच सांगायला हवे. चांगल्या कार्यक्रमांत फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो, परंतु तो पैसा कोठून येतो हे भारतीय विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. आरोग्यसेवा संशोधनाला पैसा देणारी एएचआरक्यू आणि वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी एनआयएच या अमेरिकी सरकारी संस्थांच्या टी-32 प्रशिक्षण अनुदानातून फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच पैसे देता येतात. एखाद्या विभागाचे बरेच विद्यार्थी त्याच अनुदानावर असतील, तर तुमची पात्रता उत्तम असूनही तुमच्यासाठी जागा नसते. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्याआधी विभागाच्या समन्वयकाला ईमेल करून परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून पूर्ण फंडिंग मिळते का आणि ते किती वर्षांसाठी हमखास असते, एवढे दोन प्रश्न विचारा. 2025 मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याने एएचआरक्यूला दुसऱ्या कार्यालयात विलीन करण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, त्यामुळे आधीच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावर विसंबून राहणे आता पुरेसे नाही.

संख्याशास्त्राची तयारी दाखवणे फार गरजेचे आहे, कारण आपल्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) गणिताचे विषय जवळपास नसतात आणि समितीला नेमकी तीच शंका येते. आर किंवा स्टाटा यांपैकी एक संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर शिकून घ्या आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीचा (जुलै 2017 ते जून 2018) मूळ डेटा घेऊन एक छोटे विश्लेषण पूर्ण करा. शोधनिबंध झाला नाही तरी ते लेखन नमुना म्हणून जोडता येते आणि ज्यांच्या देखरेखीखाली ते केले, ते तुमच्याविषयी ठोस शिफारसपत्र लिहू शकतात. तीनपैकी किमान दोन पत्रे तुमचे संशोधनाचे काम पाहिलेल्यांची असावीत. केवळ मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याचे चार ओळींचे पत्र उपयोगी पडत नाही. जीआरई ही प्रवेश परीक्षा अनेक ठिकाणी आता सक्तीची नाही. इंग्रजीची परीक्षा मात्र बहुधा लागते.

अनेक कार्यक्रमांची अंतिम तारीख डिसेंबरच्या सुरुवातीला असते. सोफास या सामायिक पोर्टलवरून अर्ज असेल तर भारतीय ट्रान्सक्रिप्टचे मूल्यमापन डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावे लागते आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून कागद मिळवण्यातही वेळ जातो, तेव्हा हे काम जुलैतच सुरू करा. मुलाखती आणि निकाल साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान होतात. फंडिंगसह प्रवेश मिळाला आणि उत्तरासाठी घाई केली जात असेल, तर त्या विद्यापीठाने कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केली आहे का ते पाहा. केली असेल तर 15 एप्रिलपर्यंत विचार करण्याची मुभा तुम्हाला आहे, आणि त्या अवधीत तिथल्या सध्याच्या परदेशी विद्यार्थ्यांशी फोनवर नक्की बोला.