पानवलचा पूल पाहायचाय? आधी एवढं करा
कोकण रेल्वेचे पूल-बोगदे पाहायचे तर सुरुवात पानवलच्या रेल्वे पुलापासूनच करा. पनवेल नव्हे हो, रत्नागिरी आणि निवसरच्या मधलं पानवल! नवखे इथेच फसतात. दुसरी चूक रात्रीच्या गाडीची. मुंबईहून दिवसाची मांडवी एक्सप्रेस घ्या आणि रत्नागिरी सुटताच खिडकी धरा. पूल 424 मीटर लांब, ताशी 75 किमी वेगात जेमतेम 20 सेकंद मिळतात.

64 मीटर उंचीचा अंदाज मात्र गाडीतून येत नाही, तो खालून दरीतूनच घ्यावा. एवढ्या खोलीत परांची उभारणं अवघड, म्हणून वरचा भाग एका टोकाला ओतून जॅकने खांबांवरून तुकड्यातुकड्याने पुढे ढकलत नेला.

रुळांवर उतरून फोटो अजिबात नको, तो गुन्हा आहे. याच मार्गावरचा करबुड्याचा बोगदा वगैरे नंतर कधीतरी पाहा.